बाहेरून जुनं, आतून नवं

भाट्याहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. माइकसमोर एकच आहे, पण सांगायचं ते नऊजणींचं, म्हणून ‘आम्ही’.

मुंबई आम्हाला नवी नाही. पण कोकणातल्या बाईची मुंबई म्हणजे दवाखाना, बारसं, लग्न, नाहीतर लेकीचं बाळंतपण. नुसतं काही बघायला म्हणून गेलो ते या खेपेस. रात्री रत्नागिरीला कोकणकन्येत बसलो, सकाळी मुंबईला उतरलो, एकीच्या नणंदेकडे गिरगावात आंघोळी आणि चहा-पोहे उरकले, आणि गेलो राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. रीगल सिनेमाच्या चौकात, मोठ्या वस्तुसंग्रहालयाच्या समोरच आहे. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

आमच्यातल्या काकू यायला तयार नव्हत्या. त्यांच्या डोक्यात घर होतं. जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, पुढे ओटी, मागे पडवी, वर पोटमाळा. काका गेल्यापासून त्या एकट्या. समुद्र जवळ, पाहुणे येतात, दोन खोल्या भाड्याने देता आल्या तर हातात पैसा राहील, हा त्यांचा साधा हिशेब. ठेकेदाराने सांगितलं, सगळं पाडा आणि स्लॅब घाला, जुन्यात हात घालण्यात अर्थ नाही. मुलांनाही ते पटलं. काकू तेव्हापासून गप्प. आम्ही त्यांना जवळजवळ ओढूनच नेलं.

बाहेरून पाहिलं तर इमारत जुन्या दगडी मुंबईसारखीच. आपला थिबा पॅलेस १९१० चा, ही १९११ ची, म्हणजे एका वर्षाने धाकटी. मूळ नाव सर कावसजी जहांगीर हॉल. बांधणारे जॉर्ज विटेट, ज्यांनी गेटवे ऑफ इंडिया आणि समोरचं वस्तुसंग्रहालयही रचलं. तिकीट काढून आत शिरलो आणि सगळ्याजणी थबकलो. संग्रहालय म्हटलं की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, असंच आम्हाला माहीत. इथे इमारत वळते! अर्धगोल दालनं एकावर एक, जिना चढावा तर पुढे पुन्हा गोलाईतलं दालन, आणि मग पुन्हा जिना. एका ठिकाणी उभं राहिलं की वरचा-खालचा तुकडा दिसतो, आणि तिथे आपल्याच गटातली कुणीतरी मान वर करून उभी असते. सगळ्यात वर घुमट. आजींनी तिथे पोचून आधी गुडघे चोळले, मग वर पाहिलं आणि म्हणाल्या, “देवळात आल्यागत वाटतं गो, फक्त घंटा नाय.”

आता ही इमारत अशी का? आधी इथे एकच मोठं सभागृह होतं. गाण्याच्या मैफली व्हायच्या, राजकीय सभा गाजायच्या. मग शहरात नवी, गारेगार सभागृहं झाली आणि याला कुणी विचारेना. लग्नं, मुष्टियुद्धाचे सामने, चामड्याच्या वस्तूंचे सेल, जो भाडं देईल त्याला हॉल. एवढ्या मोक्याच्या जागेची अशी दशा. ती पाहून काही कलावंत मंडळी मागे लागली. त्यांत एक बाई होत्या, पिलू पोचखानवाला. भंगारातल्या लोखंडातून शिल्पं घडवणाऱ्या! टाकाऊ लोखंडात ज्यांना शिल्प दिसतं, त्यांना टाकून दिलेल्या हॉलमध्ये संग्रहालय दिसलं, यात आम्हाला तरी नवल वाटलं नाही. केकू गांधींसारखी माणसं बरोबर होती, तरी कामाला वर्षानुवर्षं लागली. बाहेरचा दगड तसाच ठेवून आतला एकसंध हॉल मोडला आणि पाच पातळ्यांवर दालनं रचली. वास्तुविशारद रोमी खोसला. १९९६ साली दारं उघडली. पिलूबाई १९८६ मध्येच गेल्या होत्या, त्यांना ते बघायला मिळालं नाही. हे कळल्यावर आमच्यातल्या दोघीतिघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

चित्रांचं खरं सांगायचं तर पहिल्या दालनात आमची फजितीच झाली. फळं नाहीत, माणसं नाहीत, नुसते रंग. धाकटी वहिनी हळूच म्हणाली, “ह्याच्यात बघायचं काय गो?” आम्ही हसणार तेवढ्यात आजी एका चित्रापाशी थांबल्या. मातकट रंग, त्यावर एकात एक अडकलेल्या कमानी. म्हणाल्या, “ही तर सारवलेली जमीन.” आणि खरंच की! शेणाने अंगण सारवताना आपला हात डावीकडून उजवीकडे फिरतो, बोटांच्या अर्धगोल ओळी उमटतात, एका कमानीला दुसरी लागते. जन्मभर आपण ते करत आलो आणि वाळल्यावर वर पाट टाकून मोकळ्या झालो. चित्रकाराच्या मनात काय होतं कोण जाणे. पण त्यानंतर आम्ही पाट्या वाचायच्या आधी चित्राकडे बघायला लागलो. प्रदर्शनं बदलत असतात, तुम्ही जाल तेव्हा वेगळं असेल. आपल्याच किनारपट्टीवर, अलिबागजवळच्या नागावात जन्मलेल्या प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन २०१९ मध्ये इथेच भरलं होतं. आपल्याला पत्ताच नव्हता.

आणि काकू? त्यांनी चित्रं फारशी पाहिलीच नाहीत. त्या भिंती बघत होत्या. जुनी भिंत कुठे संपते, नवं कुठे सुरू होतं, जिना कुठून काढलाय. हाताने चाचपायला गेल्या तेव्हा रखवालदाराने हटकलं, तर त्यालाच विचारलं, “दादा, हे पाडलं नाही का हो?” तो म्हणाला, “नाही आजी, बाहेरून जुनंच आहे.” काकू दोनदा “बाहेरून जुनंच” असं पुटपुटल्या. परतीच्या गाडीत सगळ्या पेंगत होतो, तर या वहीच्या पाठच्या पानावर रेघा मारत बसलेल्या. ओटी तशीच, माजघर तसंच, पोटमाळ्याला बाहेरून जिना आणि वर दोन खोल्या.

हे जमेल का, आम्हाला ठाऊक नाही. वासे किती कुजलेत, चिरा वरचा भार घेईल का, हे जाणकाराने पाहायला हवं. स्वस्तही पडेलच असं नाही. पहिल्या ठेकेदाराने फोनवर नको म्हटलंच आहे. काकूंनी आता जुन्या घरांची कामं करणारा दुसरा एक माणूस शोधलाय. तो बुधवारी यायचा आहे. आम्हाला सगळ्यांना चहाला बोलावलंय, आणि येताना शिवणाच्या डब्यातला टेप आणायला सांगितलाय.