मूसा नबींचा मासा

बाजारात लेपा दिसला की मला रत्नागिरीची माझी आई आठवते. पानासारखा चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच अंगाला. आई सांगे, मूसा नबींनी दर्या दुभंगला तेव्हा मध्ये सापडून याचे दोन तुकडे झाले, म्हणून हा अर्धा. अरबीतही याच्या जातभाईंना मूसाचा मासा म्हणतात.

खरे तर पिल्लाचे डोळे दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो आणि मासा तळच्या रेतीत आडवा पडतो.

आईची गोष्ट विज्ञानात बसत नाही. पण येरवड्यात कुणी विचारले, ‘तुम्ही मुसलमान, मग कविता मराठीत कशी?’ की मी हीच गोष्ट सांगतो. आईने ती मला मराठीतच सांगितली होती.