डाव्या कडेचा प्रवासी



आजचा विषय जाहीर झाल्यापासून दोघा-तिघा स्नेह्यांनी मला विचारले, "सायकलीवर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय?" पुण्यासारख्या शहरात हा प्रश्न विचारला जावा, यातच माझा निम्मा विषय आला. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तो कोणी विचारला नसता. तेव्हा व्याख्यानाला येणारी निम्मी मंडळी सायकलीवरूनच येत आणि व्याख्यान संपल्यावर अंधारात आपली सायकल हुडकून काढण्यात वक्त्याचे सारे विचार विसरून जात.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्या वेळी आजच्या रूपातील सायकल जन्मलेलीच नव्हती. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी, अशी 'रोव्हर' सायकल इंग्लंडात स्टार्ली यांनी १८८५ साली बाजारात आणली. हवेची धाव डनलॉप यांनी १८८८ साली काढली. म्हणजे आपल्याकडची व्याख्याने सायकलीहून वडील आहेत. पण धाकटीने शहर जितके व्यापले, तितके वडिलांना काही व्यापता आले नाही.

पुणे सायकलींचे शहर झाले, त्यामागे चमत्कार नव्हता. हवा सौम्य, अंतरे बेताची, कॉलेजे पुष्कळ आणि खिसे हलके. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा बाहेर पडे आणि त्या लोंढ्यासाठी मोटारवाला मुकाट्याने थांबे. गल्लोगल्ली भाड्याच्या सायकलींची दुकाने होती. सीटवर पाय पुरत नाहीत म्हणून नळीखालून पाय घालून पोरे अर्ध्या पायडलने शिकत. महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि तो भरल्याचा बिल्ला देत. रात्री दिवा नसेल किंवा कोणी डबलसीट दिसला, तर पोलीस चाकातील हवा सोडून देई. याची आजच्या मुलांना गंमत वाटते. मला मात्र त्यात सन्मान दिसतो. ज्याच्याकडून कर घेतात आणि ज्याला शिक्षा करतात, तो निदान सरकारदरबारी हजर असतो. आजच्या सायकलस्वाराला कोणी कर मागत नाही, आणि शहराच्या हिशेबात तो धरलेलाही नसतो.

१९७२ साली आकुर्डीहून 'चेतक' निघाली आणि त्याच वर्षी 'लूना' आली. मध्यमवर्गाने सायकल ओट्याखाली टाकली ती कायमची. येथे आपण सगळे एक चूक करतो. आपल्या घरातून सायकल गेली, म्हणून ती गावातून गेली असे आपण धरून चालतो. २०११ च्या जनगणनेत भारतातील शंभरांपैकी सुमारे पंचेचाळीस घरांत सायकल होती. स्कूटर किंवा मोटारसायकल असलेली घरे होती एकवीस. पहाटे पाचला खिडकीतून पाहा. पेपर टाकणारा मुलगा सायकलीवर असतो आणि दूधवाला कॅन लटकावून चाललेला असतो. रात्रपाळी संपवून रखवालदार घरी जातो तो सायकलीवरून. थर्मास बांधून चहा विकणारा आणि चाक उचलून त्यावरच सुऱ्यांना धार लावणारा, हे सारे आजही पायडल मारीत आहेत. अलीकडे शिरस्त्राण घालून रविवारी सिंहगडाकडे जाणारे हौशी स्वार वाढले आहेत. त्यांचे मी मनापासून स्वागत करतो. पण त्यांना अपघात झाला तर वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि रखवालदाराला झाला तर चार ओळी येतात, हेही सांगितले पाहिजे.

चार ओळी म्हणजे किती माणसे? केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक होते. म्हणजे दररोज बारा. पादचाऱ्यांचा आणि मोटारसायकलवाल्यांचा आकडा याहून कितीतरी मोठा आहे, हे मी लपवीत नाही. पण पादचारी आणि सायकलस्वार यांच्याबाबत एक गोष्ट निराळी आहे. त्यांच्या धक्क्याने सहसा दुसरा कोणी मरत नाही. मरतात ते स्वतः.

आता हे मरण कसे येते ते पाहू. आपण म्हणतो, सायकलवाल्याने डाव्या कडेने जावे. ठीक आहे. मग ती डावी कड कशी असते ते एकदा उतरून पाहा. सारी वाळू आणि सारे खिळे तेथे जमतात. पावसाचे पाणी तेथे तुंबते. चेंबरची झाकणे तेथेच असतात, आणि रस्त्यावर डांबराचा थर चढत गेला की ही झाकणे खड्ड्यात जातात. जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असल्या की बारीक चाक त्यांत अडकते. बसचा थांबा डाव्या कडेला, रिक्षाही तेथेच, आणि मोटारी तर दिवसभर तेथे उभ्या. आपण ज्याला सायकलस्वाराची जागा म्हणतो, ती शहराने उरलेसुरले सारे टाकून देण्याची जागा आहे.

उभ्या मोटारीपुरतेच बोलतो, कारण हा धोका या सभागृहातील पुष्कळांच्या हाती आहे. अगदी अक्षरशः हाती आहे. चालकाचे दार आपल्या देशात उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला उघडते. चालक फोनवरचे बोलणे संपवून उजव्या हाताने दार ढकलतो. सायकलस्वार त्या क्षणी चार हातांवर असतो. दार छातीवर आदळले तर तो एक वेळ वाचेल. पण दार चुकवायला तो उजवीकडे वळतो आणि मागून बस येत असते. पंचनाम्यात बसचे नाव येते, दाराचे येत नाही. यावर हॉलंडात एक साधी सवय लावतात. दाराजवळच्या हाताने दार उघडायचे नाही, पलीकडच्या हाताने उघडायचे. आपल्याकडे चालकाने डाव्या हाताने कडी ओढावी. असे केले की धड आपोआप वळते आणि नजर मागच्या रस्त्याकडे जाते. आज घरी जाताना करून पाहा. याला ना अंदाजपत्रक लागते, ना निविदा.

दुसरा धोका चौकातला. ट्रक किंवा बस डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतून जातात. सायकलस्वार डावीकडून सरळ चाललेला असतो. इंजिनाचे तोंड आपल्या पुढे गेले, म्हणजे गाडी गेली असे त्याला वाटते. चालक उजव्या टोकाला बसलेला असतो. केबिनच्या डाव्या कुशीत, खाली, कोण आहे हे त्याला दिसतच नाही. दोघेही सज्जन असले, दोघेही नियमाने चालले असले, तरी अपघात होतो. म्हणून सायकल चालविणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, चौकात अवजड गाडीच्या डाव्या बाजूला कधी शिरू नका. मागे थांबा. चार सेकंद जातील. आणि रस्ते आखणाऱ्यांना सांगणे असे की, डावीकडे सदैव मोकळी सोडलेली वळणे मोटारीची अर्धी मिनिटे वाचवितात, पण सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराच्या अंगावर सतत वाहने सोडतात. हा सौदा बरा नव्हे.

उजवीकडे वळणे हा तर आता सायकलस्वाराचा पराक्रमच झाला आहे. पूर्वी हात दाखवला की मागचा थांबे. आज हात दाखवला तर मागच्याला वाटते, हा कोणाला तरी निरोप देत आहे! जाणत्याने दोन टप्प्यांत वळावे. आधी सरळ जाऊन पलीकडच्या कोपऱ्यावर थांबावे आणि आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा झाला की त्या प्रवाहाबरोबर निघावे.

पावसाळ्याबद्दल थोडेच सांगतो, कारण ते आपण सारे भोगतो. पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल वर येते आणि पांढरे पट्टे साबणासारखे होतात. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेकचे रबर धरत नाही. खड्डा पाण्याखाली असला की तो वीतभर आहे की हातभर, हे पडल्यावरच कळते. जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात बांधला गेला आणि पुढे कित्येक वर्षे खड्ड्यावाचून राहिला. त्याची कथा पुण्यात इतकी सांगितली जाते की, तिचा अभिमान वाटावा की लाज, हे मला ठरविता येत नाही. चांगला रस्ता ही दंतकथा व्हावी काय?

रात्रीचे वेगळे. एका रखवालदाराला मी विचारले, "दादा, सायकलला दिवा का लावीत नाही?" तो म्हणाला, "साहेब, दिवा लावला की दुसऱ्या दिवशी कोणीतरी काढून नेतो. आणि लाल काच मागे आहे ती मडगार्डवरच्या चिखलाने झाकलेली." जुन्या डायनॅमोचा दोष असा होता की सायकल थांबली की दिवा विझे, म्हणजे चौकात उभे राहिल्यावरच माणूस अदृश्य होई. आज दोन छोटे विजेचे दिवे अल्प किमतीत मिळतात. ज्या सोसायट्या रखवालदार नेमतात, त्यांनी गणवेशाबरोबर हे दिवे द्यायला काय हरकत आहे? दंडुका देतात, शिट्टी देतात. दिवा का नको?

पण मंडळी, या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वेग. थोडे गणित करू. समजा, सायकलस्वार गाडीपुढे तेरा-साडेतेरा मीटरवर पडला. चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबायला साधारण एक सेकंद लागतो. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी त्या सेकंदात सव्वाआठ मीटर जाते, नंतर कोरड्या रस्त्यावर आणखी पाचेक मीटरांत थांबते. म्हणजे ती सायकलस्वाराच्या जवळ येऊन थांबते आणि चालक त्याला दोन शिव्या देऊन निघून जातो. आता वेग ताशी ५० धरा. पहिल्या एका सेकंदातच गाडी जवळजवळ चौदा मीटर जाते. म्हणजे जेथे पहिली गाडी उभी राहिली, तेथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. ती पूर्ण ५० च्या वेगाने आदळते. वीस किलोमीटरांच्या फरकात शिव्या खाणे आणि प्राण जाणे, एवढे अंतर आहे. म्हणूनच २०२० साली स्टॉकहोमला भरलेल्या मंत्र्यांच्या जागतिक परिषदेने जाहीर केले की, जेथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तेथे वेगाची मर्यादा ३० असावी. आपल्या पेठांत दुपारी कोणी ३० ने जाऊ शकत नाही हे खरे. पण रात्री अकराला आणि पहाटे पाचला? पेपरवाला आणि रखवालदार नेमके तेव्हाच रस्त्यावर असतात.

यावर उत्तर म्हणून सायकलींचे वेगळे मार्ग करावेत, असे सुचविले जाते. पुण्यात ते केलेही. २००६ साली कात्रज ते हडपसर जलद बसचा मार्ग सुरू झाला, त्याच्या कडेने सायकलमार्ग आखले गेले. २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडा संमत केला. त्यात आठशे किलोमीटरांहून अधिक मार्गांची योजना होती. जे मार्ग झाले त्यांवरून कोणी सलग जाऊन पाहावे. पन्नास पावलांवर विजेचा खांब येतो, मग पदपथावरून खाली उतार, मग फळांची गाडी, मग रोहित्र. आणि चौक आला की मार्ग संपतो. नेमका जेथे धोका, तेथेच तो हात सोडतो. मग सायकलस्वार रस्त्यावर येतो आणि मोटारवाला ओरडतो, "तुमच्यासाठी वेगळा मार्ग केलाय ना?" फळवाल्याला मी दोष देत नाही, तोही कडेलाच ढकललेला आहे.

हॉलंडचे नाव निघाले की लोक म्हणतात, तो देशच सपाट आणि लोकच तसे. हे अर्धसत्य आहे. १९७१ साली त्या लहानशा देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली, त्यांत चारशेंवर मुले होती. तेथेही मोटारींसाठी रस्ते रुंद करणे चाललेच होते. आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' अशा अर्थाचे नाव त्यांनी आपल्या चळवळीला दिले. १९७३ साली तेलाची टंचाई आली आणि काही रविवार मोटारी बंद राहिल्या. रिकामे रस्ते कसे दिसतात, हे लोकांनी पाहिले. त्यानंतर पुष्कळ वर्षे खपून त्यांनी चौक एकेक करून बदलले. आज तेथे चार फेऱ्यांपैकी एकीहून अधिक सायकलीवर होते. २००३ साली जेकबसन या संशोधकाने निरनिराळ्या गावांचे आकडे ताडून दाखविले की, जेथे सायकली आणि पादचारी अधिक, तेथे प्रत्येकाला असलेला धोका कमी. चालकाला त्यांची सवय होते. खडकीच्या भोंग्यानंतर मोटारवाला का थांबत असे, याचे उत्तर यात आहे.

शेवटी कायद्याचे एक कलम सांगतो, कारण ते ठाऊक नसल्याने माणसे रस्त्यावर पडून राहतात. जखमीला उचलले तर पोलीस आपल्यालाच गुंतवतील, ही भीती जुनी आहे आणि एके काळी ती अगदीच खोटी नव्हती. पण २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर आता जखमीच्या हानीबद्दल दावा किंवा खटला चालत नाही. आपले नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. तेव्हा पहाटे फिरायला जाताना सायकल आडवी पडलेली आणि पेपर विखुरलेले दिसले, तर घोळका होण्याची वाट पाहू नका. १०८ क्रमांक लावा, तो विनामूल्य आहे. मान हलू देऊ नका, आणि गाड्या अंगावर येणार नाहीत अशा बेताने मागे एकाला उभे करा.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. प्रश्न असतील तर मी थांबतो.