नव्या वसाहतीत जाण्यापूर्वी
(बोथ येथील ग्रामस्थांसाठी भाषण)



मुलांचे शिक्षण व रोजगार यांसाठी बोथ परिसरातील कुटुंबांना आदिलाबाद शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींची ओढ वाटली, तर नवल नाही. परंतु स्वस्त भूखंड म्हणजे सुखाचे जीवन नव्हे.

नवी मुंबईचा अनुभव बोधप्रद आहे. १९७० साली 'सिडको' स्थापन झाली, १९७३ साली ठाणे खाडीवरील पूल खुला झाला. पण वाशीस उपनगरी रेल्वे पोहोचण्यास १९९२ साल उजाडले. तोवर मुंबईत नोकरीस जाणाऱ्या रहिवाशांची भिस्त रस्त्यावरील वाहनांवरच होती. घरे आधी आली, सोयी मागाहून.

म्हणून जागा एकदा वैशाखात व एकदा श्रावणात पाहावी. उन्हाळ्यात पाणी पुरते काय, पावसात रस्ता टिकतो काय, रेखांकन मंजूर आहे काय, मराठी शाळा व दवाखाना किती दूर आहेत, हे तपासावे. बोथला रेल्वे नाही; शेती येथेच राहणार असेल, तर जाण्यायेण्याचा वेळ व खर्च घराच्या किमतीत मिळवावा. स्त्रिया व वृद्धांचे मत प्रथम घ्यावे, कारण सारा दिवस बहुधा त्यांनाच तेथे काढावयाचा असतो.

हिशोब जुळल्यास निःशंक जावे. न जुळल्यास गावात राहणे हे मागासलेपणाचे लक्षण मानू नये.