आधी पाणी, मग रंग

श्रोतेहो, रॉड कुठला घ्यावा, दोर किती जाड असावा, गाठ कशी मारावी, यातले काहीही मी आज सांगणार नाही. गोव्यातल्या पेडण्या-डिचोलीच्या गरवणाऱ्याला ते येते. मला बोलायचे आहे ते ल्यूअरच्या, म्हणजे नकली आमिषाच्या, रंगाबद्दल, आणि त्यातही एकच गोष्ट: पेटी उघडण्याआधी पाणी बघा. मिनिटे थोडी आहेत, म्हणून ती पहिल्यांदाच सांगून टाकली.

साडी घ्यायला गेलेली आपली आई काय करते ते आठवा. दुकानदार ट्यूबलाइटखाली घड्या उलगडत असतो. ती त्यातली एक उचलते आणि सरळ दुकानाच्या पायरीवर येते. उन्हात धरते, पदर उलटून बघते, मगच हो की नाही ते ठरवते. साडी नेसायची आहे बाहेर, दुकानात नाही, हे तिला ठाऊक असते. आणि तिचाच मुलगा काचेच्या कपाटातला निळा-जांभळा ल्यूअर दिव्याखाली बघतो आणि हरखून घरी आणतो. अरे बाबा, हा रंग मिरवायचा आहे शापोरा नदीच्या पाण्यात, पुरुषभर खोल. तिथला उजेड कसा आहे, हे कुणाला विचारलेस?

उजेड पाण्यात शिरला की त्यातले रंग एकेक करून गळत जातात. पाऊस सरून समुद्र निवळला की केरीला खाडीच्या तोंडावर पहिला जातो तो लाल. तीन-चार वाव खाली लाल ल्यूअर लाल राहत नाही, काळपट होतो. उघड्या, निवळ समुद्रात निळा सर्वांत खोल पोचतो. एवढे बहुतेकांना पाठ असते, आणि तिथेच फसगत होते, कारण हे झाले निवळ समुद्राचे. आपल्या नद्यांत उलटे घडते. कुजलेला पाला, चिखल, खाजनातून वाहून आलेला गाळ आधी निळा उजेडच खाऊन टाकतात. म्हणजे दुकानात जो सर्वांत देखणा, तोच गढूळ नदीत सर्वांत आधी विझतो.

डिचोलीकडे तर पावसात वाळवंटी नदी बघवत नाही. जांभ्याची माती मुळातच तांबडी, त्यात खाणींच्या मातीचे ढिगारे. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पण ढिगारे काही त्या दिवशी उठून गेले नाहीत. या पाण्यात खाली पोचतो तो पिवळट-तांबूस उजेड. पांढरा ल्यूअर तिथे पाण्याच्याच रंगाचा होऊन बसतो, तांबड्याचे तर बोलायलाच नको. अशा वेळी काळा लावा, नाहीतर गर्द जांभळा. मुले विचारतात, गढूळ पाण्यात काळा दिसेल कसा? चोणकाचे तोंड नीट बघा. खालचा जबडा पुढे आलेला असतो. हा मासा खालून वर झडप घालतो. त्याच्या डोळ्यांपुढे वरचे उजळ पाणी असते, आणि त्या उजळावर काळा आकार उठून दिसतो. माशाला रंगाआधी आकार कळतो, हे ध्यानात घ्या.

पुन्हा त्या साडीकडे येतो. हिरव्या साडीला हिरवाच काठ असेल तर थोडे लांब गेल्यावर काठ आहे की नाही तेही कळत नाही. लांबून नजरेत भरतो तो वेगळ्या रंगाचा काठ. लाल डोके आणि पांढरे अंग असलेला ल्यूअर इतकी वर्षे जगभर का टिकला? निवळ पाण्यात खोलवर गेल्यावर लाल काळवंडतो, पण पांढऱ्याला लागून काठ उरतोच. म्हणून पेटीत एकाच रंगाच्या दहा छटा जमवू नका. काठ ठसठशीत असलेले चार ल्यूअर पुरतात.

आता जे निसटते ते. पाणी एकाच जागी बदलते! चोपड्याच्या पुलाखाली भरतीला समुद्राचे हिरवट, निवळ पाणी चढते. तेव्हा चंदेरी लावा, शेवट्यासारखा दिसणारा. सहा तासांनी तेच पाणी खाजनांचा गाळ घेऊन उतरते. त्यात चंदेरी मंद होतो, तिथे पोपटी किंवा सोनेरी हवा. जागा तीच, माणूस तोच, आणि सकाळी चाललेला ल्यूअर दुपारपर्यंत हट्टाने फेकत राहायचे, याला काय म्हणावे? ओहोटी लागली की पुन्हा पाणी बघा. मानशीच्या, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या दरवाजाच्या, तोंडाशी चोणक दबा धरून असतो, तिथे हे विशेष लागू. (आणि मानशीवरची मासेमारी लिलावाने दिलेली असते. तिथे विचारल्याशिवाय गरी टाकू नका.)

पाणी बघायचे कसे? 1865 साली आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने, जो खगोलशास्त्रज्ञही होता, भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडली आणि ती कुठे दिसेनाशी होते ते मोजले. शास्त्रज्ञ आजही तसेच मोजतात. तुम्ही डब्याचे पांढरे झाकण घ्या, त्याला वजन बांधा आणि सोडा. वीतभर खाली गेले आणि नाहीसे झाले, तर काळा. हातभर दिसले, तर पोपटी, सोनेरी. पुरुषभर दिसत राहिले, तर चंदेरी, खऱ्या मासळीच्या रंगाचा. दर भरतीला, दर ओहोटीला हे करा. तिळारीकडे पाऊस पडला असेल तर शापोऱ्यावर पुन्हा करा, इथे ऊन असले तरी. वरचे पाणी खाली यायला वेळ लागतो, पण येतेच.

मयेच्या तळ्याचे आणि आमठाण्याच्या धरणाचे सांगायचे होते. तिथले पाणी वाहते नाही, उन्हाळ्यात शेवाळाने हिरवे होते, आणि हिरव्यात हिरवा बेडूक... स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण झाली, थोडक्यात सांगतो. मरळीसाठी बेडकाच्या आकाराचा ल्यूअर घेताना त्याची पाठ बघू नका, उलटा करून पोट बघा. मरळीला खालून तेच दिसते. पोट एकतर पांढरे स्वच्छ हवे, नाहीतर पूर्ण काळे. रात्रीचे राहिले. चांदणे असेल तर काळाच लावा. काळोखात मात्र हल्ली अंधारात चमकणारे ल्यूअर लावायची जी चाल पडली आहे, तिच्याबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे की आमच्या खाडीत आधीच... वेळ संपली.