परदेशप्रवास आणि आपली पत
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाह, उद्योगधंदे अशा विषयांवर पुष्कळ विचारप्रवर्तक भाषणे झाली आहेत. त्या मालिकेत ‘परदेशप्रवासासाठी पहिले क्रेडिट कार्ड कसे मिळवावे’ हा विषय काहीसा रुक्ष, किंबहुना बाजारी वाटण्याचा संभव आहे. तथापि कार्यकारी मंडळाने तो मुद्दाम निवडला, याला कारण आहे. ज्या घरातील मुलगा, मुलगी, निदान भाचा-पुतण्या तरी परदेशी नाही, असे घर आज आपल्या ज्ञातीत विरळा. मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेली; आता त्यांच्याकडे जाण्याचा योग आईवडिलांना येत आहे. व्हिसा मिळतो, तिकीट निघते, आणि कार्डासाठी केलेला अर्ज मात्र बँक नामंजूर करते. ज्याने जन्मभर कोणाचा छदामही बुडवला नाही, अशा माणसाच्या तो नकार जिव्हारी लागतो. त्या नकाराचा अर्थ काय आणि तो टाळावा कसा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

‘पत’ हा आपल्या भाषेतील फार वजनदार शब्द आहे. पत म्हणजे केवळ पैसा नव्हे. माणसाच्या शब्दावर दुसऱ्याने ठेवलेला विश्वास म्हणजे पत. पूर्वी हा विश्वास ओळखीवर उभा असे. पेढीवरचा सावकार माणसाचे घराणे, त्याचा व्यवसाय आणि त्याची वागणूक स्वतः जाणून असे. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०६ साली, श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी आपले गुरू शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या नावाने मुंबईत सारस्वत बांधवांसाठी सहकारी पतसंस्था काढली. तीच आजची एस. व्ही. सी. बँक. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी एकमेकांसाठी उभे राहावे, हेच त्या काळच्या अशा संस्थांचे बळ होते. ज्ञातिसंस्थांना या इतिहासाचा अभिमान वाटावा, यात नवल नाही.

परंतु आज हजारो शाखांची बँक अर्जदाराचा चेहरा ओळखत नाही. ती त्याची नोंद वाचते. २००५ साली आपल्याकडे पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपन्यांचा कायदा झाला. अशा चार कंपन्या भारतात काम करतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण कोणते कर्ज घेतले, हप्ते वेळेवर भरले की नाही, याची माहिती बँका त्यांना पुरवितात. आणि त्यावरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान एक अंक निघतो. त्यात बचतखात्यातील शिल्लक मोजली जात नाही, मुदत ठेव मोजली जात नाही, अंगावरचे सोनेही मोजले जात नाही. मोजली जाते ती मुख्यतः एक गोष्ट : उसने घेतलेले ठरल्या दिवशी परत केले काय?

येथेच आपल्या संस्कारांची आणि या पद्धतीची चुकामूक होते. अंथरूण पाहून पाय पसरावे, कर्जाच्या वाटेला जाऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो उपदेश चांगलाच आहे. पण ज्याच्या नावावर कधी कर्जच नव्हते, त्याचे पान त्या वहीत कोरे राहते. कोरे पान म्हणजे डाग नव्हे. परंतु कोऱ्या पानावरून बँकेला काही वाचताही येत नाही. म्हणून नकार आला तर तो आपल्या सचोटीवरचा अभिप्राय आहे, असे कृपा करून कोणी मानू नये.

याची झळ सर्वांत अधिक कोणाला लागते, हे मला विशेष आग्रहाने सांगावयाचे आहे. असे समजा की एका कुटुंबाने वीस वर्षे गृहकर्जाचे हप्ते भरले. ते हप्ते भरता यावेत म्हणून गृहिणीने पैपैची काटकसर केली, स्वतःची हौसमौज बाजूस ठेवली. कर्ज फिटले. परंतु कर्ज एकट्या यजमानांच्या नावावर असल्यामुळे नोंद झाली ती त्यांचीच. तिच्याजवळ कार्ड होते, तेही यजमानांच्या खात्यावरचे पुरवणी कार्ड. अशा कार्डाची जबाबदारी मूळ खातेदाराची असते. वेळेवर फेडल्याचे श्रेयही सामान्यतः त्याच्याच पानावर जमा होते. पुढे यजमान निवर्तले, मूळ खाते बंद झाले, त्याबरोबर पुरवणी कार्डही गेले. आता लेकीच्या बाळंतपणासाठी टोरांटोस किंवा मेलबर्नला जावयाचे, तर साठीच्या उंबरठ्यावर ही माउली बँकेच्या दृष्टीने सर्वस्वी अनोळखी! जिने घराची पत राखली, तिच्या नावाने पत म्हणून कोठेच काही नाही. माझ्या मते आपल्या समाजाने विचार करावा असा हा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, कार्डावाचून अडते कोठे? एके काळी परदेशी जाणाऱ्याला खिशात जेमतेम आठ डॉलर घेऊन निघावे लागे, आणि तरीही आपली माणसे गेली व नावारूपास आली. हे खरे आहे. परंतु तो काळ परकीय चलनाच्या दुर्भिक्षाचा होता. २००४ साली रिझर्व्ह बँकेने उदार प्रेषण योजना सुरू केली, तेव्हा मर्यादा वर्षाला २५,००० डॉलरची होती. २०१५ पासून ती २,५०,००० डॉलर आहे. आता अडचण चलनाची नसून व्यवहाराच्या रीतीची आहे. परदेशातील पुष्कळ हॉटेले खोली देताना कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड दिले, तर आपल्या खात्यातील खरे पैसेच काही दिवस अडकून पडतात. क्रेडिट कार्डावर केवळ मर्यादेचा तेवढा भाग अडतो. मोटार भाड्याने घेताना तर चालविणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड मागण्याची प्रथा सर्रास आहे. शिवाय परक्या मुलखात अचानक दवाखान्यात जावे लागले, तर हाताशी एक आधार असतो, तो वेगळाच.

आता उपाय. पहिला आणि मुख्य उपाय असा, की कार्डाचा विचार प्रवासाच्या महिनाभर आधी न करता वर्षभर आधी करावा. बी पेरल्याबरोबर पीक येत नाही, तसेच हे आहे.

आरंभी स्वतःची नोंद पाहावी. वर सांगितलेल्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून लागू केला आहे. अहवालात आपले नाव, जन्मतारीख व पॅन बरोबर आहे की नाही, फिटलेले कर्ज फिटलेलेच दाखविले आहे की नाही, हे तपासावे. चूक असल्यास तक्रार करून ती दुरुस्त करून घेता येते.

पान कोरेच आढळले, तर आपली मुदत ठेव कामी येते. पुष्कळ बँका ठेव तारण ठेवून क्रेडिट कार्ड देतात. खर्चाची मर्यादा ठेवीच्या रकमेपेक्षा थोडी कमी असते. समजा, एक लाखाची ठेव ठेवली, तर ऐंशी-नव्वद हजारांची मर्यादा मिळू शकेल. प्रत्येक बँकेचे प्रमाण निराळे. ठेवीवरील व्याज चालूच राहते. बँकेची रक्कम सुरक्षित असल्यामुळे पगारपत्रक किंवा जुनी नोंद यांचा आग्रह ती सहसा धरीत नाही. निवृत्त मंडळी, गृहिणी, नुकताच धंदा सुरू केलेले तरुण, या सर्वांना ही वाट सोयीची आहे. विनातारण कार्ड हवे असेल, तर पगार किंवा निवृत्तिवेतन ज्या बँकेत जमा होते तेथेच प्रथम विचारावे. कारण निदान ती बँक तरी आपला जमाखर्च पाहत असते. कर भरावा लागत नसला, तरी आयकराचे विवरणपत्र दरवर्षी भरीत जावे. उत्पन्नाचा तो सर्वमान्य पुरावा होय.

नावाबद्दल एक सूचना. आपल्याकडे पॅनवर एक नाव, आधारपत्रावर दुसरे, पारपत्रावर तिसरे, असे वारंवार आढळते. कोठे आडनाव आधी, कोठे वडिलांचे नाव, कोठे पतीचे, कोठे माहेरचे. कार्डावरील नाव पारपत्राशी जुळले पाहिजे. कारण परदेशातील हॉटेलवाला दोन्ही शेजारी ठेवून पाहतो. हा घोळ अर्ज करण्यापूर्वीच मिटवावा.

अर्ज एका वेळी एकाच बँकेकडे करावा. नकार आला म्हणून त्याच आठवड्यात आणखी चार ठिकाणी अर्ज करणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण करून घेणे होय. प्रत्येक अर्जाबरोबर नवी बँक आपला अहवाल मागविते, त्या चौकशीचीही नोंद होते, आणि अंक खाली येतो. त्यापेक्षा नकाराचे कारण विचारावे. अर्ज नामंजूर केल्यास त्याची नेमकी कारणे लेखी कळवावीत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत स्पष्ट घातले आहे. ते मागण्यात संकोच कसला? कारण कळले की उपाय सुचतो.

कार्ड हाती आल्यावर खरी परीक्षा सुरू होते. किराणा, वीजबिल, औषधे असा जो खर्च एरवीही करावयाचाच असतो, तेवढाच कार्डावर करावा. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच राहावे. आणि बिल आले की ते संपूर्ण भरावे. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून एक लहान आकडा छापलेला असतो. त्या आकड्याच्या गोडीला भुलू नये. गणित पाहा. चाळीस हजारांचे बिल आहे आणि किमान देय पाच टक्के, म्हणजे दोन हजार रुपये, भरले. महिन्याला साडेतीन टक्के दराने चाळीस हजारांचे व्याज १,४०० रुपये, त्यावर अठरा टक्के कर २५२ रुपये. म्हणजे भरलेल्या दोन हजारांतून मुद्दल उणे झाले अवघे ३४८ रुपये! साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. कोणत्याही जुन्या सावकाराला लाजवील असा हा दर आहे. जो पूर्ण रक्कम मुदतीत भरतो, त्याला खरेदीवर हे व्याज मुळीच लागत नाही. म्हणून सर्व रक्कम खात्यातून आपोआप वळती होण्याची व्यवस्था बँकेत करून ठेवावी, हे उत्तम.

प्रयाणापूर्वीची तयारीही थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या परिपत्रकानुसार नवे कार्ड आरंभी देशांतर्गत वापरापुरतेच चालू असते. परदेशातील वापर आपण स्वतः, बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेत सांगून, सुरू करावयाचा असतो. हे न केल्यामुळे भले कार्ड असूनही परक्या दुकानात मान खाली घालावी लागते. दुसरे असे, की परकीय चलनातील खर्चावर बँका शुल्क आकारतात. ते साडेतीन टक्के असेल, तर एक लाख रुपयांच्या खर्चावर ३,५०० रुपये आणि त्यावरील कर ६३० रुपये, मिळून ४,१३० रुपये जादा पडतात. काही कार्डांवर हे शुल्क कमी असते, क्वचित नसतेही. म्हणून कार्ड निवडतानाच चौकशी करावी. तिसरे, परदेशी दुकानदार ‘रुपयांत घेऊ की येथील चलनात?’ असे विचारतो. रुपयांचा शब्द ऐकून आपल्याला जिव्हाळा वाटतो. परंतु त्यांनी लावलेला दर बहुधा महाग असतो. उत्तर नेहमी ‘येथील चलनात’ असेच द्यावे. चौथे, क्रेडिट कार्डावर यंत्रातून रोख रक्कम काढू नये. तिच्यावर शुल्क तर असतेच, शिवाय व्याज पहिल्या दिवसापासून चढते. रोखीसाठी थोडे चलन आणि आगाऊ भरलेले प्रवासी कार्ड वेगळे न्यावे. कार्ड हरवल्यास ते तत्काळ बंद करता यावे म्हणून बँकेचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून निराळ्या पिशवीत ठेवावा. मोबाईलवर येणारा गुप्त क्रमांक मात्र, बँकेचा अधिकारी म्हणविणाऱ्यालाही, कधी सांगू नये. तसेच परदेशात आपला भारतीय मोबाईल क्रमांक चालू राहील, याची तजवीज आधी करावी. कारण तो क्रमांक त्याच्यावरच येतो.

भगिनी-बंधूंनो, कर्जबाजारी होण्याचा उपदेश मी करीत नाही. ज्याला हाती कार्ड आले की खर्चाचा मोह आवरत नाही, त्याने या वाटेला न जाणेच श्रेयस्कर. पण ज्यांनी आयुष्यभर व्यवहार चोख ठेवला, त्यांच्या चोखपणाची कोठेतरी नोंद व्हावी, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यासाठी घरातील कर्त्या पुरुषांना माझी विनंती आहे, की पत्नीच्या, आईच्या, वयात आलेल्या कन्येच्या स्वतंत्र नावाने एक लहानशी ठेव आणि त्यावर एक कार्ड, एवढे तरी करावे. तरुण मंडळींनी वडीलधाऱ्यांशेजारी बसून त्यांचा अहवाल त्यांना वाचून दाखवावा. आणि मंडळाने महिन्यातील एका रविवारी, आपल्यातील बँकेत काम केलेल्या अनुभवी सभासदांच्या साहाय्याने, अशा अर्जांसाठी मार्गदर्शनाची सोय करावी. शंभर वर्षांपूर्वी ज्ञातिसंस्थांनी आपल्या माणसांसाठी जामीन राहण्याचे काम केले. आज त्यांना वाट दाखविण्याचे काम करता येईल.