कोट आपल्या मापाचा हवा
(मुलाखतींची तयारी करणाऱ्या मुलींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ब्लेझरवर बोलायचं ठरलं तेव्हा आमच्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, "आता आपल्या शिबिरात फॅशन का?" त्यांचं म्हणणं मला कळतं. पण तुमच्यापैकी बऱ्याचजणींना हॉटेलात, बँकेत मुलाखतीला 'फॉर्मल' कपड्यांत या असं सांगितलंय. तो नियम आपण केलेला नाही. कोट मात्र आपल्याच अंगावर चढणार आहे.

एमएसडब्ल्यू झाल्यावर पहिल्या मुलाखतीला मी होस्टेलमधल्या मैत्रिणीचा ब्लेझर घालून गेले. ती माझ्याहून बारीक. टेबलापलीकडे फाईल द्यायला हात पुढे केला आणि काखेत शिवण उसवली. पुढचा अर्धा तास मी कोपर अंगाला चिकटवून बसले. त्यांनी काय विचारलं, मी काय सांगितलं, काही आठवत नाही. खोलीवर येऊन राग कोणावर काढला? स्वतःच्या दंडांवर! आठवडाभर भात सोडला. कोट दुसरीच्या मापाचा होता, हे साधं कारण सुचलंच नाही.

तर आधी खांदे बघा. कोटाच्या खांद्याची शिवण आपलं खांद्याचं हाड संपतं तिथेच संपायला हवी. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते. खांदा बदलायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवायची. त्याला पैसेही जास्त पडतात आणि ते नीट जमेलच असं नाही. म्हणून खांद्याला आणि छातीला बसेल तो कोट घ्या, कंबर टेलरकडून आत घ्या. बटण लावल्यावर त्याच्याभोवती फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या, तर कोट लहान आहे. तुम्ही जाड नाही. बाही मनगटाच्या हाडापाशी संपावी.

दुकानात आरशासमोर नुसत्या उभ्या राहू नका. खाली बसा. स्वतःलाच मिठी मारा. बसमधली दांडी धरल्यासारखा हात वर करा. दुकानदार हसला तर हसू दे, पैसे आपले आहेत.

साडीवर घालायचा असेल तर साडी नेसूनच माप द्या. पदराच्या निऱ्यांनी डावा खांदा जाड होतो आणि कोट एका बाजूला उचलला जातो. वकील मैत्रिणींना हे ठाऊक आहे. आपल्या देशात १९२३ च्या कायद्याने बायकांना वकिलीचं दार उघडलं, आणि काळा कोटही अंगावर आला. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडली, तर उन्हाळ्यात तो सक्तीचा नाही, असं बार काउन्सिलचा नियमच सांगतो. म्हणजे उकाडा नियमालाही कळतो! तुम्हीही जाड पॉलिस्टर आणि पूर्ण अस्तर टाळा. पातळ कापड, पाठीला अर्धंच अस्तर असलं तर मेच्या दुपारीही निभतं. सलवार-कमीजवर घालायचा तर कमीज सरळ कापाची हवी. घेरदार कमीज कोटाखालून फुगते.

आता खिसे. बायकांच्या कोटाला पुष्कळदा नुसता खिशाचा देखावा असतो. १९१० साली अमेरिकेत मताधिकाराची चळवळ जोरात असताना भरपूर खिसे असलेल्या 'सफ्रजेट सूट'ची वर्तमानपत्रात बातमी झाली होती. बसचं भाडं आणि मोबाइल स्वतःपाशी ठेवता येणं ही लहान गोष्ट नाही. नव्या कोटाचे खिसे टाक्यांनी बंद असतात; आत पिशवी आहे ना ते चाचपा आणि मग टाके सोडवा. मागच्या कापावरचा फुलीचा टाकाही काढायचा असतो. मी तो वर्षभर तसाच मिरवला!

आणि परवडत नसेल तर कर्ज काढून घेऊ नका. मुलाखतीला ब्लेझर लागतोच का, हे आधी फोन करून विचारा. लागलाच, तर आमच्या कपाटात तीन मापांचे आहेत. चहानंतर घालून बघा. वहीत नाव लिहून न्यायचा आणि धुऊन परत आणायचा. सगळ्यांत मोठ्या मापाचा चौथा शिवायला टाकलाय, तो पुढच्या आठवड्यात मिळेल.