टपाल येतंय म्हणजे माणूस परतलाय?

आज थेट प्रश्नच विचारते. एक अख्खं शहर पाण्याखाली गेलं, माणसं दहा दिशांना पांगली. काही वर्षांनी ते शहर पुन्हा वसलं की नाही, हे तुम्ही कसं मोजाल?

शहर आहे अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स, वादळ कतरिना, तारीख २९ ऑगस्ट २००५. खरा घात केला तो पूर अडवायला बांधलेल्या भिंतींनी. त्या फुटल्या आणि शहराचा साधारण ८० टक्के भाग बुडाला.

जनगणना होते दहा वर्षांनी, तोपर्यंत कोण थांबणार? दुरुस्तीचे परवाने मोजावेत, तर परवाना काढला म्हणजे घर उभं राहिलं असं नाही. तिथल्या डेटा सेंटर नावाच्या संस्थेने मग टपाल मोजलं. कुठल्या पत्त्यावर टपाल चालू आहे आणि कुठल्या पत्त्यावर बंद पडलंय, याची यादी मिळते. जून २००५ चा आकडा पाया धरायचा आणि गल्लीगल्लीत किती पत्ते पुन्हा जागे झाले ते बघत राहायचं. मला ही युक्ती जाम आवडते. घर बांधून झालंय, रंगही लागलाय, पण टपाल येत नाही, म्हणजे आत कुणी राहत नाही! पण एक खोच आहे. जुनंच कुटुंब परतलंय की कुणी नवीनच राहायला आलंय, हे टपाल सांगत नाही.

दहा वर्षांनी चित्र असं होतं: शहराच्या ७२ वस्त्यांपैकी ४० वस्त्या ९० टक्क्यांच्या वर पोचल्या होत्या. ऐकायला मस्त वाटतं ना? पण त्याच यादीत लोअर नाइन्थ वॉर्ड ही वस्ती निम्म्यावरही नव्हती. तिथे २००० साली सुमारे १४,००० माणसं राहायची, २०१० च्या जनगणनेत तीन हजारसुद्धा भरली नाहीत. आणि ही काही झोपडपट्टी नव्हती बरं का. बहुतेक कृष्णवर्णीय कष्टकरी कुटुंबं, पण स्वतःच्या मालकीच्या घरांचं प्रमाण शहराच्या सरासरीपेक्षा जास्त.

मग ती परतली का नाहीत? पुराचा जोर तिथे भयंकर होता, हे आहेच. पण मला गुंतवून ठेवलं ते एका सूत्राने. घरमालकांना मदत द्यायला लुइझियाना राज्याने ‘रोड होम’ योजना काढली. कमाल मदत दीड लाख डॉलर. रक्कम कशी ठरायची? वादळाआधीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यातला जो आकडा कमी तो धरायचा. त्यातून विमा वगैरे वजा.

आता समजा, दोन सारखीच घरं आहेत. दोघांचा दुरुस्तीचा खर्च एक लाख डॉलर. पहिलं घर गोऱ्यांच्या वस्तीत, किंमत दीड लाख. त्याला एक लाख मिळणार. दुसरं लोअर नाइन्थमध्ये, किंमत साठ हजार. त्याला साठ हजारच. पत्रे, लाकूड, मजुरी दोघांना सारखीच, पण उरलेले चाळीस हजार दुसऱ्याने आणायचे कुठून? सूत्रात वर्णाचा एक शब्दही नाही, आणि तरीही हे होतं. २००८ मध्ये कृष्णवर्णीय घरमालक आणि घरहक्कासाठी लढणाऱ्या संस्था कोर्टात गेल्या. २०११ मध्ये तडजोड झाली आणि ६ कोटी २० लाख डॉलर द्यायचं ठरलं. तोवर सहा वर्षं गेलेली. सहा वर्षांत मुलं दुसऱ्या गावच्या शाळेत रुळतात हो.

दुसरी अडचण कागदाची. अनेक घरं आजीआजोबांच्या नावावरच राहिलेली, वारसांची नोंदच नाही. पिढ्यान्‌पिढ्या राहताय, कर भरताय, पण मदत मागायला गेलात की पहिला प्रश्न: मालक कोण? हे वाचताना मी चपापले. आमच्या गावच्या घराची घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर येते आणि त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली. तुमच्याकडेही बघा एकदा.

भाडेकरूंचं तर बोलूच नका. ‘रोड होम’चा मोठा पैसा मालकांसाठी होता. वर २००७ च्या डिसेंबरात नगर परिषदेने चार मोठ्या सरकारी वसाहती पाडायला मंजुरी दिली. त्यात सुमारे ४,५०० घरं होती.

आणि आता ऐका. इंग्रजीत ‘रिकव्हरी’ म्हणजे सावरणं, आणि ‘रिकव्हरी’ म्हणजे वसुलीही. घर जमिनीपासून उंच उचलायला ‘रोड होम’मधून ३०,००० डॉलरपर्यंत वेगळी रक्कम मिळायची. अनेकांचा दुरुस्तीचाच पैसा पुरला नाही, म्हणून त्यांनी ती भिंती आणि छपरात घातली. घर उभं राहिलं, टपाल सुरू झालं, तक्त्यात ते ‘परतलेलं’ घर ठरलं. आणि राज्याने पैसे परत मागत त्यातल्या हजारो लोकांवर दावे लावले. ते दावे सोडून द्यायचा निर्णय जाहीर झाला २०२३ मध्ये. म्हणजे वादळ होऊन साडेसतरा वर्षं झाल्यावर! या सगळ्या काळात त्यांना येणाऱ्या टपालात वकिलाची पत्रंही होती, आणि मोजणीत तेही टपालच.

चला, आज इथेच थांबते. घरपट्टी कुणाच्या नावावर निघाली, ते मला नक्की कळवा.